मशीनच्या पोटातली रेती

परवा चिपळूणच्या सर्व्हिस सेंटरमधून फोन आला. गाडी चालवतो माझा मुलगा, पण ती माझ्या नावावर आहे म्हणून फोन मला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, ऑइल बदलतोच आहोत, तर इंजिन फ्लश पण करून देऊ का? आतली सगळी घाण निघून जाते. वर एक अ‍ॅडिटिव्हची बाटली टाकली की आवाज एकदम बंद." मी म्हटलं, "बंदबिंद काही करायचं नाही, बाई. तेल बदला, फिल्टर बदला आणि गाडी परत द्या." ती बिचारी समजावायला लागली की हल्ली सगळेच करून घेतात. तेव्हा मी अशी ओरडले, "आवाज राहू दे म्हणते ना!" की मुलगा आतल्या खोलीतून धावत आला. त्याला वाटलं कुणीतरी गेलं. त्याला म्हटलं काही नाही, जा, चहा ठेव. पण फोन ठेवताना माझ्या हातावर काटा उभा होता, आणि इतक्या वर्षांनी तो तसाच उभा राहतो याचा मला रागही आला.

तेव्हा हे एकदा लिहूनच टाकते. लग्नाआधीचं, रत्नागिरीचं.

आमचं घर खाडीच्या मुखाशी होतं. पुढीलदार रस्त्याला, मागीलदार पाण्याला. घरात बाबा, आई, मुंबईहून येऊन-जाऊन असलेला माझा थोरला भाऊ विजूदादा, मी, आणि बाबांची बहीण इंदूआत्या. बाबांची स्वतःची होडी होती आणि ते स्वतःच तिचे तांडेल, ती चालवणारे. मागीलदारी उभं राहिलं की खाडीचं तोंड दिसायचं आणि डाव्या हाताला समुद्रात घुसलेलं काळं खडप, खडकांची रांग. स्वयंपाकघरही मागेच, आणि आमचा स्वयंपाक चालायचा कानाने. हे सांगितलं की माझी सून हसते. हस म्हणावं. होड्या परतायची वेळ झाली की चुलीवर आधण चढलेलं असायचं, तांदूळ धुऊन रोवळीत निथळत असायचे, पण ते आधणात पडायचे नाहीत. खडपापलीकडून आपल्या मशीनचा, म्हणजे होडीच्या इंजिनाचा, आवाज आला की मगच तांदूळ आत. तिथून होडी किनाऱ्याला लागणार, मासळी उतरणार, माणसं पाय धुऊन पाटावर बसणार, तेवढ्यात भात शिजून तयार. बांगड्याचं कालवण तिरफळं घालून आधीच झालेलं असायचं, त्याचं काही नाही. पण भात आधी नाही. माणूस यायच्या आत त्याचा भात शिजवला तर तो दुसरंच कोणीतरी खातं, असं वाडीतल्या बायका म्हणायच्या. आई असल्या गोष्टींना नाक मुरडायची, पण तांदूळ काही आगाऊ टाकायची नाही.

प्रत्येक होडीचा आवाज वेगळा. शेजारच्या बाळूकाकांची होडी फटफटायची, जणू रागावून घरी येतेय. आमच्या होडीचा आवाज मात्र अख्ख्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. टक, टक, ठुक. दोन ठोके सरळ आणि तिसरा आत कुठेतरी खोल, अडखळून. रत्नागिरीतल्या मिस्त्र्यांनी पाहिलं, पालीहून एकाला मुद्दाम आणलं, पण तो तिसरा ठोका कुणाला काढता आला नाही. इंदूआत्याला तो काढायचाच नव्हता. ती हातातलं काम थांबवून मान तिरकी करायची, एकदा ऐकायची आणि म्हणायची, "आले." आई म्हणायची, "आले." पण आई म्हणायची ती बाबांबद्दल, आणि आत्या म्हणायची ती कुणाबद्दल, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

कारण ते मशीन आमचं नव्हतंच मुळी. ते आत्याच्या नवऱ्याच्या होडीतलं. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. मी अगदी लहान असताना ते एका संध्याकाळी परत आले नाहीत. पुढे कित्येक दिवसांनी त्यांची होडी पार तिकडे बुरोंडीच्या बाजूला, खडकात अडकून फुटलेली सापडली. मशीन तिच्यात जागच्या जागी होतं, पोटात समुद्र आणि रेती भरलेली. आतोबा नव्हते. ते कधीच सापडले नाहीत. लोकांनी बाबांना सांगितलं, ते लोखंड भंगारात घाल, बुडालेल्या होडीचं मशीन पुन्हा पाण्यावर नेऊ नये. पण आत्या अडून बसली, "ते माझं मशीन हाय. ते घरी आणा." बहिणीपुढे बाबांचं काही चाललं नाही. त्यांनी मशीन आणलं, सोडवलं, धुतलं, पुन्हा बांधलं आणि आपल्या होडीत बसवलं. पहिल्यांदा ते सुरू झालं तेव्हा आत्या किनाऱ्यावर उभी होती. टक, टक, ठुक. आतोबांच्या होडीत वाजायचं तसंच्या तसं. ती एवढंच म्हणाली, "तेच हाय," आणि घरी जाऊन तिने आधण ठेवलं.

तेव्हापासून ती आमच्याकडेच. कपाळावर कुंकू तसंच, कारण प्रेत कुणी पाहिलं होतं? रोज भाताला तांदूळ मोजून झाले की ती वरून एक मूठ जास्तीची टाकायची. सगळ्यांची जेवणं झाली की एक ताट वाढून, झाकून, चुलीच्या बाजूला ठेवायची. उशिरा येणाऱ्या माणसाचं ठेवतात तसं. सकाळी त्या भाताची पेज व्हायची आणि ती आम्हीच प्यायचो. मला त्यात काही विचित्र वाटायचं नाही. लहानपणापासून पाहिलेलं विचित्र वाटत नसतं. सर्वपित्रीला बाबा आजी-आजोबांच्या नावाने अंगणात केळीच्या पानावर वाडी ठेवायचे, गेलेल्या माणसांचं जेवण म्हणून. एका वर्षी त्यांनी भीत भीत आतोबांसाठीही पान मांडलं. आत्याने ते उचलून घरात आणलं. "त्यांचं ताट आत असतं," म्हणाली. त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही.

आता तेलाचं सांगते, कारण घोळ तिथूनच. बाबा मशीनचं तेल बदलायचे ते सगळं कधीच काढायचे नाहीत. खालचा बोल्ट सोडून काळं तेल डब्यात घ्यायचे, आणि धार बारीक झाली की, तळाला अजून बरंच असताना, बोल्ट घट्ट करून वरून नवीन ओतायचे. मी विचारलं होतं, "बाबा, उरलेलं का ठेवता?" तर म्हणाले, "विरजण नको काय, कुंदे? सगळं नवीन घातलं तर मशीन परकं होतं." आमच्या बाजूला बरेच तांडेल असंच करायचे. दह्याला विरजण लागतं म्हणून मशीनलाही लागतं, हे कुणी ठरवलं देव जाणे! बाबांच्या बाबतीत मला वाटतं दुसरंही कारण होतं. त्या तळाच्या काळ्यात आतोबांच्या वेळचं काहीतरी आहे, असं ते मनात धरून बसले असणार. बहिणीशी बोलायला माणसाला जमलं नाही की तो असं काहीतरी करत राहतो.

विजूदादा मुंबईला एका गॅरेजात कामाला होता. त्या वर्षी दिवाळीच्या आधी तो कायमचा परत आला. आता बाबांबरोबर समुद्रावर जायचं, होडी सुधारायची, असं त्याच्या डोक्यात. दोनच दिवस होडीवर गेला आणि आल्या आल्या म्हणाला, "बाबा, मशीन धूर किती टाकतंय! तेल खातंय. आत सगळं जाम झालंय. ही खडखड बंद करतो की नाय बघा." त्याने मुंबईहून दोन डबे आणले होते. एकात पाण्यासारखं पातळ, रॉकेलला साखर घातल्यासारखा वास येणारं औषध. ते जुन्या तेलात टाकून मशीन थोडा वेळ चालू ठेवायचं, की आतली सगळी घाण सुटून तेलाबरोबर बाहेर. दुसऱ्यात काकवीसारखं घट्ट. ते नव्या तेलात मिसळायचं, की आवाज गेलाच समजा. आई म्हणाली, "करू दे की, शिकून आलाय पोरगा." आत्या भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "विजू, आतलं काळं धुऊ नको हां."

"अगं आत्या, घाण हाय ती!"

"असू दे. आत हाय ते आत राहू दे."

दादा हसला. हसण्यात काही वाईट नव्हतं. तिच्यावर त्याचा भारी जीव, तिने त्याला अंगाखांद्यावर खेळवलेला. पण त्याला बाबांना दाखवून द्यायचं होतं की मुंबईत आपण नुसता पाना उचलून द्यायला नव्हतो.

ओहोटीला होडी वाळूवर कलती लागलेली. ऊन रखरखीत. वाडीतली माणसं जेवून आडवी झालेली, कुत्रंसुद्धा हलत नव्हतं. दादाने पातळ औषध ओतलं आणि मशीन सुरू केलं. थंड करायला कुणीतरी डब्याने पाणी ओतत राहायला हवं होतं, ते मी करत होते. पहिल्यांदा रोजचाच आवाज. मग हळूहळू तिसरा ठोका पुसट व्हायला लागला. टक, टक, आणि मग नुसती जागा. मी पाणी ओतता ओतता त्या जागेकडे कान लावून बसले. थोड्या वेळाने जागाही गेली. दादाने मशीन बंद केलं, बोल्ट पूर्ण सोडला आणि खाली कापलेला डबा लावला. काळं पातळ तेल आलं ते येतच राहिलं. डबा भरला, दुसरा लावला. ओतलं त्याच्या मानाने ते खूपच होतं, किंवा मला तसं वाटलं. सगळ्यात शेवटी चिखल आला. तुपासारखे काळे गोळे, आणि त्यात बारीक काहीतरी करकरत होतं. दादाने बोटांत चोळून पाहिलं. रेती.

आत्या मागे येऊन कधी उभी राहिली ते आम्हाला कळलं नाही. ती खाली बसली, चिखलात हात घातला, मूठभर उचलला आणि घराकडे चालायला लागली. मी मागे गेले. न्हाणीत तिने तो रॉकेलने धुतला, मग साबणाने, मग नुसत्या पाण्याने. शेवटी तिच्या तळहातावर चिमूटभर रेती उरली आणि तांदळाच्या कणीएवढा एक शिंपला. आमच्या किनाऱ्याची रेती काळी. ही पांढरी होती. आत्याने ती पदराच्या टोकाला बांधली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आत्या, बाबांनी तेव्हा नीट धुतलं नसेल." ती म्हणाली, "गो बाय, तेव्हापासून हीच बसली होती त्यांना धरून."

दुसऱ्या दिवशी बाबा आणि दादा समुद्रावर गेले. संध्याकाळी आधण उकळत होतं, तांदूळ रोवळीत. आम्ही तिघी मागीलदारी. ऊन उतरलं, पाण्यावर काही दिसेनासं झालं, तरी आवाज नाही. आई दोनदा उठून पाहून आली. आधणात पाणी वाढवलं. आणि एकदम आमच्या पाठीमागून, घराच्या आतून, पुरुषी आवाज आला, "भात झाला काय?" आईच्या हातातली पळी दगडावर पडली. बाबा आणि दादा मासळी उतरवून रस्त्याच्या बाजूने, पुढीलदाराने घरात येऊन उभे होते, पाय धुऊन, ओले. आई छाती धरून म्हणाली, "अगो बाई! कधी आलाव?" दादाला हसू आवरेना. "बघितलंस, आई? खडपावरनं आलो, किनाऱ्याला लागलो, पत्ता नाय तुमाला! मशीन आता नुसतं पुटपुटतंय." बाबा हसत नव्हते. आणि आत्या त्या दोघांकडे बघत होती, ओळखीचं नसलेलं माणूस दारात आलं की आपण बघतो तशी.

"तुमी कशातनं आलाव?" तिने विचारलं.

"होडीतनं, आनि कशातनं!"

"होडी नाय आली अजून," आत्या म्हणाली, आणि पुन्हा खाडीकडे तोंड करून बसली.

त्या दिवशी माणसं घरात आणि भात कच्चा, असं आमच्या घरात पहिल्यांदा झालं. पुढचे दिवस सगळंच बिनसलं. आई उन्हाच्या अंदाजाने तांदूळ टाकायला लागली. कधी भात गार, कधी गिचका. वाडीतले लोक दादाला शाबासकी देत होते. दोघांनी आपल्याही मशीनला असलंच काहीतरी आणून दे म्हणून सांगितलं. बाबा एकदा जेवताना म्हणाले, "विजू, मला मशीन आयकू येत नाय रे." दादा म्हणाला, "म्हणजे चांगलं चाललंय, बाबा." बाबांनी मान हलवली, पण घास हातातच. आयुष्यभर ते डोळ्यांनी पाणी आणि कानाने मशीन बघत आलेले. आत्याने ताट झाकून ठेवायचं सोडलं नव्हतं, पण ती स्वतः जेवेनाशी झाली होती. मी तिची वेणी घालत असताना मला म्हणाली, "मशीन गप नाय झालेलं, कुंदे. त्याचं तोंड दाबलंय." मी म्हटलं, "काहीतरीच काय, आत्या!" पण त्यानंतर सुटणाऱ्या होडीकडे मी बघेनाशी झाले.

आणि मग तो दिवस. वारा अगदी पडलेला, खाडी तेल ओतल्यासारखी सपाट. ऊन कलायला लागलं होतं, अजून भरपूर उजेड होता. मी कोकमं निवडत होते, आई कालवणाला वाटण वाटत होती. आत्याची मान तिरकी झाली. मग मलाही ऐकू आलं. टक, टक, ठुक.

आई वाटता वाटता थांबली आणि तिचा चेहरा असा उजळला! "अगो बाई, आला गो आवाज परत! टाका, टाका तांदूळ." आत्याने तांदूळ टाकले, वरून मूठ टाकली. आम्ही तिघी नुसत्या हसत होतो. किती दिवसांनी घर पुन्हा घरासारखं झालं, असं मला वाटलं. भाताला उकळी आली. आवाज खडपापलीकडून येत होता. मग भात मऊ झाला, पाणी आटलं, आईने निखारे मागे ओढले. आवाज तिथेच होता. जवळ येत नव्हता आणि लांबही जात नव्हता. आईचं हसू जरा कमी झालं. "जा गो, बघून ये," ती म्हणाली. मी पळत किनाऱ्यावर गेले. तिथून खडपाच्या पलीकडचंही थोडं दिसतं. पाण्यावर काही नव्हतं. आणि आवाजही नव्हता. एवढासा नाही. मला वाटलं मशीन बंद केलं असेल, म्हणून मी परत वर आले, आणि मागीलदाराच्या पायरीवर पाय ठेवला तर, टक, टक, ठुक. तसाच, शांतपणे. पुन्हा खाली उतरले, गेला. वर आले, आहे. आईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला काही सांगावं लागलं नाही. चुलीवर भात तयार होता आणि माणूस नव्हता.

मग आवाज बंद झाला. हळूहळू नाही. दोन ठोके पडले आणि तिसरा पडलाच नाही.

आत्या उठली. पदर खोचला आणि तडक बाळूकाकांच्या अंगणात. मी मागे. बाळूकाका जाळं शिवत बसले होते. "बाळू, होडी काढ. भाऊ नि विजू अडकलेत." काकांनी वर बघितलं. "वैनी, अजून उजेड हाय. येतील की." आत्या त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. "तेव्हा पण तू हेच बोललास," म्हणाली. आतोबा आले नाहीत त्या संध्याकाळची गोष्ट होती ती. काकांच्या हातातली सुई तशीच राहिली. मग ते उठले, मुलाला हाक मारली आणि जाता जाता एवढंच विचारलं, "कुठल्या अंगाला बघू?" आत्याने दीपगृहाच्या पलीकडे बोट दाखवलं, जिकडे आमची होडी कधी जायची नाही.

तिथेच होते ते. मशीन जाम होऊन बसलेलं, प्रवाहाने होडी तिकडे ओढत नेलेली. नांगर टाकला होता, पण तो खडकाळ तळावरून घसरत होता, आणि दोर घासून घासून दोन पेडांवर आला होता. पाठीमागे हाकेच्या अंतरावर खडकांवर पाणी फुटत होतं. दादा वल्हं मारून मारून हातांच्या सालपटांनिशी बसला होता. बाळूकाका म्हणाले, अजून थोडं थांबलो असतो तर फळ्याच गोळा करायच्या होत्या.

मशीन उघडलं ते दुसऱ्या दिवशी. तेल खेचणारी जाळी काळ्या गोळ्यांनी बुजलेली, आणि बेरिंगवर रेतीचे ओरखडे. त्या औषधाने वर्षानुवर्षं बसलेलं सगळं सोडवलं, पण सगळं बाहेर कुठे आलं? निम्मं आत फिरत राहिलं. आणि घट्ट तेलाने ठोका दाबला, म्हणून मशीन मरतंय हे बाबांना ऐकूच आलं नाही. दादा लहान मुलासारखा रडला. बाबा त्याला म्हणाले, "तुझा एकट्याचा दोष नाय रे. मी दर खेपेला तळ राखून ठेवला. तेलाचा चेंबर उघडून हातानं पुसायला पायजे होता, तो मी उघडला नाय." मला आज कुणी विचारलं की त्या बाटल्या टाकाव्यात की नाही, तर माझं म्हणणं तेच. वेळेवर तेल आणि फिल्टर बदलत असाल तर धुवायला आत काही नसतं, आणि वर्षानुवर्षं काही केलंच नसेल तर बाटली ओतून सुटका नाही, उघडून बघावं लागतं. ठोका येत असेल तर तो कशाचा ते शोधा; त्याच्या तोंडात बोळा कोंबू नका. माझा मुलगा म्हणतो, आई, हल्लीची औषधं वेगळी असतात. असतील बाबा.

पण हे सगळं दुसऱ्या दिवसाचं. त्या संध्याकाळी बाळूकाकांच्या होडीमागे दोर बांधून आमची होडी आली तेव्हा पश्चिमेला अजून लाली होती. आईने दोघांच्या तोंडावरून हात फिरवला, वेडीसारखी रडली, मग ओरडली, मग जेवायला बसवलं. मी ताटं घेतली. आईने भाताचं झाकण काढलं. बाबांनी तयार भाताकडे बघितलं आणि घोटभर पाणी पिऊन म्हणाले, "आमी नाय आलो, तर भात कसा लावलाव?"

"आवाज आला म्हणून," आई म्हणाली. "मशीनचा. आधीसारखा."

"कधी?"

"ऊन उतरताना. किती वेळ येत होता! खडपाशीच होतात की तुमी."

बाबांनी दादाकडे बघितलं. दादाचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो हळूच म्हणाला, "आई, मशीन सकाळीच जाम झालं. आमी न्याहारीचं फडकंसुद्धा सोडलं नव्हतं."

चुलीत एक लाकूड खाली बसलं, त्याच्या आवाजाने मी केवढ्याने दचकले. माझी नजर भातावर होती. आत्याने टाकलेली जास्तीची मूठ त्या भातात होती.

आत्या उठली. तिने रोजचं ताट नाही घेतलं. परसात जाऊन केळीचं पान कापून आणलं, पुसलं, त्यावर भात वाढला, वर कालवण घातलं, बांगड्याची चांगली मधली तुकडी निवडून ठेवली. पदराची गाठ सोडून त्यातली पांढरी रेती आणि तो शिंपला पानाच्या कडेला ठेवला. मग पान दोन्ही हातांत धरून मागीलदाराने अंगणात उतरली. बाबा अर्धे उठले, पण आईने त्यांचा हात धरला. खाडीच्या बाजूला तोंड करून आत्याने पान जमिनीवर मांडलं, सर्वपित्रीला मांडतात तसं, आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली. आम्ही दारात उभे होतो. तिने आपल्या हाताने कुंकू पुसलं. घरातल्या माणसाशी बोलावं तशी ती बोलली, रडत नव्हती.

"पोरांना राखलाव, बरं केलाव," ती म्हणाली. "आता एवढं जेवा नि जावा. मी नाय आता थांबत."

मग ती आत आली, हात धुतले आणि पाटावर बसून आईला म्हणाली, "वैनी, मला वाढ. भूक लागलीय." किती दिवसांनी ती पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आधण ठेवल्यावर तिने तांदूळ मोजून रोवळीत घेतले, डबा बंद केला आणि वरच्या मुठीसाठी तो परत उघडला नाही.